दोन हजार नऊ, खरंतर तीन पॉइंट चार

मोराव्हियातल्या कोझिंकी गावात बरेच दिवस अशी बोलवा होती, की वेंडेलिन बार्तोन्येकने ब्राझीलमध्ये बाई ठेवली आहे.

बातमी पुराव्यानिशी होती. बाटल्या भरण्याच्या कारखान्यातून सुटला की वेंडेलिन घरी न जाता थेट टेकडीवरच्या आपल्या वाइनच्या तळघराकडे वळतो. तळघराच्या डोक्यावर द्राक्षं पिळायची खोली आहे, तिथे लॅपटॉप उघडून बसतो, आणि थोड्या वेळाने आतून बाईमाणसाचं खळखळून हसणं ऐकू येतं. दुकानवाल्या क्वेताने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ती बिचारी शेजारच्या तळघरात नुसते बटाटे आणायला गेली होती. चार किलो बटाटे निवडायला तिला पाऊण तास लागला, एवढंच.

तर बाई खरी होती. ब्राझीलही खरं होतं. ठेवलेलं मात्र काही नव्हतं. बाईचं नाव इरासेमा. रेसिफे शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती कामाला असते, आणि उरलेल्या वेळात, फुकट, 'यालोवेत्स' नावाच्या लिनक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीच्या, दारात पहारा देते. जगभरातले हौशी लोक आपापली पॅकेजं, म्हणजे बांधून तयार केलेले प्रोग्राम, घेऊन त्या दाराशी येतात, आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं हे ठरवणाऱ्या मोजक्या मंडळींत ती एक. वेंडेलिनशी तिचं नातं म्हणाल तर असं, की हा मागतो आणि ती नाही म्हणते.

वेंडेलिनच्या बायकोच्या, अपोलेनाच्या, कानावर ही भानगड कुणीतरी फार जड अंतःकरणाने घातली. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "त्याला नाही म्हणणारी बाई आजवर मी एकटीच होते. दुसरी मिळाली असेल तर मला तेवढाच आराम."

वेंडेलिनचे आजोबा गावचे शेवटचे ढोलवाले. चौकातल्या छोट्या देवळापाशी उभं राहून ढोल बडवायचा, उद्या कुणाचं डुक्कर कापणार आणि कर कधी भरायचा याची दवंडी द्यायची, आणि तिथून थेट पबात. पबातून बाहेर आल्यावर त्यांची दुसरी दवंडी व्हायची. ती पंचायतीने सांगितलेली नसायची आणि ऐकायला गर्दी जास्त असायची. पुढे खांबांवर कर्णे आले, ढोल घरच्या भिंतीवर गेला, आणि अपोलेना सासरी आल्यापासून त्यावर अळंबी वाळत घालते.

खांबांवरचे कर्णे अजून आहेत. सकाळी ते खरखरतात, मग पितळी वाद्यांची पोल्का वाजते, मग सरपंचबाई हेडविका सुकोपोव्हा बोलतात. दाताचा डॉक्टर या आठवड्यात यायचा नाही. खालच्या आळीला पाणी दुपारपर्यंत बंद. आणि ज्याची पन्नाशी, साठी, सत्तरी असेल त्याचं नाव आणि त्याच्या आवडीचं गाणं. हे सगळं पंचायतीच्या कपाटाशेजारी ठेवलेला एक म्हातारा कॉम्प्युटर चालवतो, आणि त्याच्या पोटात जो प्रोग्राम आहे त्याचं नाव 'बुबेन', म्हणजे ढोल. नाव वेंडेलिनने सुचवलं होतं. प्रोग्राम लिहिला सिरिल हानाकने.

सिरिल हा वेंडेलिनचा शाळासोबती, आता ब्रनोत असतो. त्याचं एक आहे: प्रेम जमलं की बुबेनची नवी आवृत्ती, मोडलं की त्याहून नवी. पहिली एका नर्सच्या नादात आली. दुसरी तिचं लग्न झालं त्या आठवड्यात. तीन पॉइंट चारनंतर मात्र सगळं शांत होतं, कारण सिरिलचा संसार बरा चालला होता, आणि मोराव्हियातल्या कितीतरी पंचायतींचे कारकून त्या न पाहिलेल्या बाईला मनोमन दुवा देत होते. गेल्या हिवाळ्यात ती त्याला सोडून गेली. जानेवारी संपायच्या आत चार पॉइंट शून्य हजर: नवं रूप, नवे रंग, नवी बटणं, आणि जुन्या कॉम्प्युटरवर चालायला साफ नकार.

सिरिल रांधतो, वेंडेलिन डबा भरतो. म्हणजे सिरिलने लिहिलेलं घ्यायचं, तपासायचं, नीट बांधायचं, त्यावर आपली सही करायची आणि यालोवेत्सच्या कोठारात ठेवायचं. मग कुठल्याही गावचा कारकून एक ओळ टाइप करतो आणि बुबेन त्याच्याकडे येतो. या कामाचा कुणाला छदाम मिळत नाही. त्यामुळेच की काय, दोघंही त्यावरून जिवावर उठल्यासारखे भांडतात.

कोठाराला तीन खोल्या आहेत. वेंडेलिन त्या वाइनवरून समजावतो, कारण त्याला दुसरं काही येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही येत नाही. पहिल्या खोलीत बुर्चाक. सप्टेंबरात आंबत असतो तो रस, गोड, फेसाळ, आणि जास्त झाला तर संडासापासून लांब जाऊ नये असा. नवं पॅकेज आधी इथे येऊन पडतं आणि हौशी लोक ते पितात. काही दिवस कुणी पोट धरून ओरडलं नाही, तर ते आपोआप दुसऱ्या खोलीतल्या पिंपात जातं. पिंपं मुरत राहतात. मग दोन-तीन वर्षांतून एकदा इरासेमा आणि मंडळी जाहीर करतात, की आता गोठवलं. आता नवं काही ओतायचं नाही; माशी पडलेली दिसली तर तेवढी काढायची. सगळं निवळलं की तिसऱ्या खोलीत बाटल्या भरायच्या, बूच मारायचं आणि त्या खेपेला एका अळंबीचं नाव द्यायचं, जे ब्राझीलमध्ये कुणालाही उच्चारता येत नाही.

पंचायतीत चालते ती ही बूच मारलेली बाटली. तिचा सगळा मोठेपणा यात, की उघडली तेव्हाची चव पुढची सगळी वर्षं तशीच राहते. मग तिच्यात माशी निघाली तर? तर सिरिलची ताजी वाइन तिच्यात ओतायची नाही. ताज्या आवृत्तीत त्याने जी दुरुस्ती केली असेल, ती तेवढी चिमट्याने उचलायची आणि जुन्यात बसवायची. आकडा जुनाच राहतो. त्याच्या मागची शेपटी फक्त एकाने वाढते. लोकांना वाटतं काहीच झालं नाही. वेंडेलिनच्या मते, लोकांना तसं वाटणं हेच त्याचं काम.

आता आकड्याविषयी, कारण वेंडेलिनचं सगळं दुखणं तिथे आहे.

कोठाराचा एक कडक नियम आहे: आकडा वरच जातो. कॉम्प्युटरला वाइन कळत नाही. मोठा आकडा म्हणजे नवं आणि छोटा म्हणजे जुनं, एवढीच त्याची अक्कल. तर सोळा वर्षांपूर्वीच्या वसंतात, गावातल्या वाइन चाखण्याच्या स्पर्धेच्या दिवशी, वेंडेलिन दोन कामं एकदम करत होता. एका खिडकीत आपल्या वेल्टलिनच्या बाटल्यांची लेबलं छापत होता आणि दुसऱ्या खिडकीत बुबेनचं दोन पॉइंट नऊ बांधत होता. वेल्टलिन दोन हजार नऊची. चाखून चाखून खात्री करून घेतलेली. त्या खात्रीच्या भरात त्याने बाटलीचं साल पॅकेजवर टाकलं, सही ठोकली आणि कोठारात पाठवून दिलं. स्पर्धेतून सहाव्या नंबरचा कागद घेऊन परत आला तेव्हा बुबेन दोन हजार नऊ जगभर पोचला होता.

पुढे सिरिलचं तीन पॉइंट शून्य आलं. (प्रेम जमलं होतं.) वेंडेलिनने ते बांधलं, आणि जगातल्या एकाही कॉम्प्युटरने ते घेतलं नाही. प्रत्येकाचं म्हणणं एकच: माझ्याकडे दोन हजार नऊ असताना या तिनाचं काय करू?

यातून सुटायच्या दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे आकड्याच्या आधी एक लिहून दोन टिंबं द्यायची. त्या लोकांच्या भाषेत याला 'युग' म्हणतात: मागचं युग संपलं, आता मोजणी नव्याने. आणि युग एकदा लावलं की जन्मात काढता येत नाही. "एका वेल्टलिनपायी नवं युग?" वेंडेलिन म्हणाला. "लोक हसतील." दुसरी वाट अशी, की चुकीचा आकडा तसाच राहू द्यायचा, त्याला चिकटून 'रिअली' लिहायचं, म्हणजे 'खरंतर', आणि त्यापुढे खरा आकडा. दोन हजार नऊ, खरंतर तीन. कॉम्प्युटरला हे दोन हजार नऊपेक्षा मोठं वाटतं आणि माणसाला काय ते कळतं. ही वाट तात्पुरती. खरा आकडा खोट्याच्या पुढे गेला, की कबुली आपोआप गळून पडते.

वेंडेलिनने तात्पुरती वाट धरली. सिरिलला दोन हजार नऊच्या पुढे जायला अजून दोन हजार प्रेमभंग लागतील, हे त्या वेळी त्याच्या डोक्यात आलं नाही, असं तो सांगतो. अपोलेना म्हणते, आलं असेल, पण डोकं जागेवर नव्हतं.

तेव्हापासून पृथ्वीवर कुठेही बुबेन अपडेट झाला, की पडद्यावर वेंडेलिनचा कबुलीजबाब सरकत जातो. मागे एका संमेलनात लोकांनी तो आकडा छापलेला टी-शर्ट त्याला भेट दिला. इरासेमा तर त्याला नावानेच हाक मारत नाही. फोन उचलला की म्हणते, "बोला, खरंतर."

आता सरपंचबाई. हेडविका सुकोपोव्हा कामाला वाघ आहे. गावात नवा रस्ता, नवी बालवाडी, सगळं तिनेच आणलं. वय एकोणपन्नास. शाळेत ती वेंडेलिनच्या दोन वर्ग मागे होती, आणि वेंडेलिनच्या सत्तावन्नाव्या वाढदिवसाला गावाने जाऊन केक खाल्लेला आहे. बाकीचं गणित ज्याने त्याने आपापलं करावं. पन्नाशी खांबावरून जाहीर करायची गावची रीत, आणि माईक हेडविकाच्या हातात. म्हणून हेडविकाची पन्नाशी आलीच नाही. गाव समजूतदार आहे. कुणी विचारलं नाही.

मार्चमधल्या एका सकाळी हेडविकाने जाहीर केलं, की अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची गाडी तळ्यापाशी येत आहे. पोल्का लागली. ती वाजत असतानाच तिने पाण्याविषयीची पुढची सूचना रांगेत लावली. आणि इथे बुबेनमधली माशी वर आली. पोल्का चालू असताना नवी सूचना रांगेत लावली, तर पोल्का संपल्यावर माईक बंद व्हायचा विसरत असे. कोझिंकीत इतक्या वर्षांत असं कुणी केलंच नव्हतं. पोल्का संपली. हेडविकाचा फोन वाजला.

तळ्यापाशी अर्धं गाव कोंबड्यांसाठी रांगेत उभं होतं. डोक्यावरच्या कर्ण्याने आधी हेडविकाच्या बहिणीची खुशाली विचारली. मग ओस्कार खाटकाच्या सॉसेजात मांस कमी आणि पाव जास्त असतो, असं सांगितलं. ओस्कार रांगेत तिसरा होता. मग पाद्रीबाबांचं प्रवचन ऐकून आपल्याला कशी छान झोप लागते ते झालं. एवढ्यावर निभावलं असतं, पण लगेच गुडघ्यांच्या उपचारासाठी गरम झऱ्याच्या इस्पितळातून फोन आला, आणि कर्णा सगळ्या गावाला उद्देशून म्हणाला:

"वय? पंचावन्न. पंचावन्न हो! अहो, गुडघे कुठे एकोणपन्नासचे राहतात?"

रांगेतली माणसं खोक्यातल्या कोंबड्यांकडे इतक्या एकाग्रतेने पाहू लागली, की जणू कोंबडी हा प्राणी आजच निघाला. ऐकलं सगळ्यांनी, आणि ऐकलं नाही असं त्याच क्षणी ठरलंही. पण वेंडेलिन सायकल मारत आला, धापा टाकत पंचायतीत शिरला, प्लग उपटला आणि म्हणाला, "हेडविका, माईक चालू होता."

गावात हे तिला तोंडावर सांगणारा माणूस तो एकटा. तिने प्लग त्याच्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "तुझा ढोल आता भिंतीवर लाव, वेंडेलिन. आजोबांच्या शेजारी."

पुढच्या पंचायत सभेसाठी विषय लागला: बुबेन काढून टाकणे आणि ब्रनोच्या एका कंपनीचा तयार डबा आणणे. डब्याच्या आत सिरिलचाच बुबेन होता, पण चार पॉइंट शून्य, आणि वर चमकत्या अक्षरांत मोठा चार. हेडविका भेटेल त्याला सांगू लागली, "चार कुठे, तीन कुठे. तिसरीतलं पोर सांगेल."

वेंडेलिनने त्या संध्याकाळी तळघरात जाऊन पहिलं काम काय केलं असेल, तर बुबेनविरुद्ध तक्रार नोंदवली. सगळ्यात गंभीर दर्जाची. अपोलेनाला हे रात्रीच्या जेवणाला कळलं, ती दोऱ्याने क्नेडलिक, म्हणजे उकडलेल्या कणकेचा लांब गोळा, कापत होती तेव्हा.

"तक्रार कुणी केली?"

"मीच."

"कुणाची?"

"माझीच. तशी पद्धत आहे. चूक दिसली की नोंदवायची, मग ती कुणाची का असेना."

"आणि आता काय होणार?"

"गोठवणूक लागलीय. गंभीर तक्रार असलेलं पॅकेज वेळेत दुरुस्त झालं नाही, तर पुढच्या बाटलीतून काढून टाकतात."

"कोण काढतं?"

"कुणी नाही. आपोआप जातं."

"तुझ्याच तक्रारीवरून."

"हो."

अपोलेनाने दोरा खाली ठेवला. "इकडे हेडविका गावातून काढणार, तिकडे तू जगातून काढणार. वेंदा, या घरात शहाणा तो भिंतीवरचा ढोलच. गप्प तरी आहे."

दुसऱ्या दिवशी वेंडेलिनने सिरिलला फोन केला. "चार पॉइंट शून्यमध्ये ती माईकची दुरुस्ती कुठल्या ओळींत केलीस?"

"चार पॉइंट शून्य घे ना सबंध."

"घेता येत नाही. गोठलंय."

"तुमचं कायम गोठलेलंच असतं."

"आणि तुझं कायम उकळत असतं. ओळी सांग."

ओळी फक्त तीन निघाल्या. वेंडेलिनने त्या चिमट्याने उचलल्या, जुन्या तीन पॉइंट चारमध्ये बसवल्या, शंभरदा पोल्का लावून पाहिली. माईक दर वेळी बंद झाला. इथे थांबला असता तर देवमाणूस म्हणायला हरकत नव्हती. पण सभा सांस्कृतिक भवनात होती, तिथे मोठा पडदा, आणि अपडेट गावासमोर करून दाखवायचं होतं. पडद्यावर तो आकडा येणार. जगाने सोळा वर्षं हसून घेतलं ते वेगळं. जग कोझिंकीत राहत नाही. शेजारच्या तळघरवाल्यांनी, खाटकाने, हेडविकाने ते वाचायचं या कल्पनेनेच त्याचे कान तापले. तेव्हा तीन ओळींच्या जोडीने त्याने गुपचूप एक आकडा आणि दोन टिंबं घातली. युग लावलं. दोन हजार नऊ खोडलं. 'खरंतर' पुसलं. पॅकेज असं काही गोजिरवाणं दिसू लागलं, की त्याने एक पेला ओतून त्याच्याकडे बघत बसून घेतलं.

गोठवणुकीत कोठारात टाकण्याआधी दारावरच्यांना दाखवावं लागतं. संध्याकाळी लॅपटॉपमधून आवाज आला.

"बोला, खरंतर. काय पाठवलंय हे?"

"दुरुस्ती."

"तीन ओळी दुरुस्ती. आणि नवं युग?"

"येतच होतो, तर बरोबर घेऊन आलो."

"गोठवलंय, वेंडेलिन."

"बाई, सोळा वर्षं तूच डोकं खात होतीस माझं, युग लाव म्हणून!"

"सोळा वर्षं तू ऐकलं नाहीस. आता मी ऐकत नाही."

"एका आकड्याने तुझं काय बिघडतं?"

"माझं नाही. पोर्तुगालमधल्या एका मठाच्या घंटा तुझ्या बुबेनवर वाजतात. त्यांच्या पॅकेजात लिहिलंय, बुबेन दोन हजार नऊच्या वरचा हवा आणि नव्या युगाच्या खालचा. युग लावलंस की घंटा बंद. मग ते पॅकेज दुरुस्त करा, मग त्यावर जे टेकलंय ते. या गडबडीत तुझ्या तीन ओळी राहतील दाराबाहेर, आणि ढोल जाईल."

"तुला माहीत नाही, परवा सगळं गाव पडद्यावर बघणार आहे."

"बघू दे. माशी काढ, लेबल बदलू नकोस. तीन ओळी पाठव, मी आत्ता आत घेते. मळ धुवायचा असेल तर बूच मारल्यावर, पुढच्या हंगामात ये, मी स्वतः साबण देईन." आणि ती खळखळून हसली.

शेजारच्या तळघरात क्वेता होतीच. या वेळी कांदे. वेंडेलिनचा उतरलेला चेहरा पाहून तिने गावात सांगितलं, की ब्राझीलवालीने त्याला सोडलं.

वेंडेलिनने ते गोजिरवाणं पॅकेज पुन्हा उघडलं. एकीकडे सोळा वर्षांचा डाग धुतला जात होता. दुसरीकडे आजोबांचा ढोल गावात राहत होता. दोन्ही होणार नव्हतं. त्याने पेला संपवला, आकडा आणि टिंबं खोडली, दोन हजार नऊ पुन्हा लिहिलं, 'खरंतर' पुन्हा लिहिलं, आणि त्यापुढे तीन पॉइंट चार. शेपटी एकाने वाढवली. काय बदललं ते एका ओळीत सांगायचं असतं, तिथे लिहिलं: माईक बंद होत नव्हता, आता होतो. सही केली आणि पाठवून दिलं. इरासेमाने शब्द पाळला. तिथली रीत अशी, की दुरुस्ती आधी पुढच्या बाटलीसाठीच्या पिंपात पोचली पाहिजे, मगच जुन्या बाटलीत. पिंपात पोचल्या पोचल्या त्याच तीन ओळी तिने जुन्या बाटलीतही जाऊ दिल्या, आणि सभेच्या दिवशी सकाळी अपडेट कोझिंकीच्या दारात उभं होतं.

सभेला गर्दी झाली होती. विषय ढोलाचा होता म्हणून, आणि सभेनंतर पिंप उघडणार होतं म्हणूनही. पंचायतीचा म्हातारा कॉम्प्युटर उचलून भवनात आणला होता, वायर खिडकीतून बाहेरच्या खांबापर्यंत. वेंडेलिनने एक ओळ टाइप केली. पडद्यावर अक्षरं सरकली, आणि शेवटी व्हायचं ते झालं: भिंतभर आकारात दोन हजार नऊ, रिअली, तीन पॉइंट चार. हे काय, असं कुणीतरी विचारलंच, तेव्हा सोळा वर्षांपूर्वीच्या त्या वेल्टलिनची गोष्ट त्याला सांगावी लागली.

"झालं," वेंडेलिन पडद्याकडे न बघता म्हणाला.

"काय झालं?" हेडविका म्हणाली. "तीन पॉइंट चारच तर आहे अजून."

"आकडा तोच. आत माशी नाही."

"कशावरून?"

पोल्का लावली. ती चालू असताना एक सूचना रांगेत टाकली. खांब दणाणले, पोल्का संपली. आता माईकमध्ये कुणीतरी बोलून बघायला हवं होतं. पाद्रीबाबांनी नम्रपणे नकार दिला. ओस्कार खाटीक मात्र महिनाभर याचीच वाट बघत असावा, तो पुढे आला, माईक तोंडाशी धरला आणि ओरडला, "हेडविका सुकोपोव्हा, माझ्या सॉसेजात पावाचा तुकडासुद्धा नसतो!"

सगळ्यांनी खिडकीकडे कान लावले. बाहेर खांबावर एक चिमणी बसली होती, ती तशीच बसून राहिली. कर्णा गप्प.

"बंद आहे," वेंडेलिन म्हणाला.

"म्हणजे कुणालाच ऐकू गेलं नाही?" ओस्कारचा चेहरा पडला. "मग आता चालू करा की एकदा."

लोक हसले आणि तिथेच निकाल लागल्यासारखा झाला. रीतसर मत घेतलं तेव्हा सातातले पाच हात ढोलासाठी वर गेले. ओस्कारचा हात सभासद नसूनही वर होता. ब्रनोच्या डब्याचा रंगीत कागद हेडविकाने चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. हरली होती, पण तशीच खाली बसली तर ती हेडविका कसली. तिने पट्टी उचलली आणि भिंतीवरच्या आकड्यावर आपटली.

"राहू दे तुमचा ढोल. पण एक मला या माणसाने सांगावं. दोन हजार नऊ! आणि पुढे म्हणे खरंतर तीन पॉइंट चार! सोळा वर्षं झाली, सोळा! वेंडेलिन, सगळ्या जगासमोर हा खोटा आकडा मिरवताना तुला काहीच वाटत नाही?"

वेंडेलिनने लॅपटॉपचं झाकण लावलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "वाटतं ना, हेडविका. म्हणून तर मी पुढे 'खरंतर' लिहितो. तू एकोणपन्नास लिहून थांबतेस."